दुपारी मोहाखाली

“सदर संगणकात कोणतीही संशयास्पद प्रणाली आढळली नाही; संथपणाचे कारण यंत्राचे वय,” असा निर्वाळा गडचिरोलीच्या त्या महाविद्यालयातील तपासणी समितीने दिला. समिती म्हणजे विभागप्रमुख डॉ. चिताडे आणि त्यांच्याशी पूर्ण सहमत असलेले डॉ. चिताडे.

निर्वाळ्याला अडचण एवढीच होती की संशोधक नंदिनीसमोर, तिच्या त्याच लॅपटॉपवर, चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारा टास्क मॅनेजर उघडा होता. यादीतले प्रत्येक अनोळखी नाव तिने तपासले: फाइल कुठे ठेवली आहे, निर्माता कोण. एक नाव विंडोजचे म्हणवत होते, पण विंडोजच्या घरी राहत नव्हते. ते तिच्याच युजर-खात्यातल्या दडवलेल्या फोल्डरात बिनबोभाट नांदत होते, निर्मात्याच्या सहीविना. बसवल्याची तारीख नेमकी ती, ज्या दिवशी अँटीव्हायरससाठी लॅपटॉप विभागात ठेवून घेतला होता. तिने मुलाखतींचे फोल्डर उघडले, की हा प्रोग्राम इंटरनेटवरून काहीतरी बाहेर धाडू लागे.

त्या फोल्डरात जंगलात मोह वेचणाऱ्या धुरपताबाईचा आवाज होता: जंगलातले सागवान कोणता ठेकेदार चोरून नेतो, ते नावानिशी. प्रबंधात बाईचे नाव नव्हते. संगणकात होते.

तो प्रोग्राम पुसून टाकायला तिचा हात शिवशिवला. पण पुसले की पुरावा संपला, आणि समिती पुन्हा स्वतःशी सहमत होणार. म्हणून तिने त्याच फोल्डरातल्या एका नव्या फाइलीत लिहिले: ‘धुरपताबाई गुरुवारी भर दुपारी नाल्याकाठच्या मोहाखाली फुले वेचताना एकटी भेटेल.’ मग बाईला फोन करून ती ओळ वाचून दाखवली आणि गुरुवारी घर सोडू नका म्हणून बजावले. मोह पहाटे गळतो. ऊन चढायच्या आत बाया टोपल्या भरून घरी परततात. हे ज्याला ठाऊक, तो त्या ओळीला फसणार नव्हता. ज्याने जंगल फक्त पडद्यावर वाचले, तोच फसणार होता.

गुरुवारी फोन वाजला.

“पोरी, मोहाखाली ठेकेदाराची गाडी उभी हाये. सरपनवाल्या बायांनी पाह्यली.”

“तुम्ही कुठं आहात?”

“घरातच. समदा मोहल्ला माह्या अंगनात बसला हाये. भर दुपारी कोन मोह वेचते व? येडे हायेत का हे?”

बाई खो खो हसली. नंदिनीला हसू फुटेना. नाव पोहोचले होते. आता ते परत आणता येणार नव्हते.

ती लॅपटॉप घेऊन भरल्या स्टाफरूममध्ये शिरली आणि तो दडवलेला प्रोग्राम चिताडेंसमोर उघडून धरला. चिताडेंनी आधी ‘विदा-सुरक्षा’ आणि ‘विद्यार्थिहित’ यांवर संथ, शुद्ध विवेचन केले.

“त्या गाडीला मोहाचं झाड कोणी दाखवलं, सर?” तिचा आवाज फाटला. “उद्या ती बाईच्या दारात उभी राहील.”

खोलीतले सगळे वळून पाहू लागले. चिताडेंची प्रमाणभाषा गळून पडली.

“काऊन ओरडून राह्यली, नंदिनी? हो, तो प्रोग्राम मी टाकला. पण नाव मी कोणाले सांगितलं नाई. ठेकेदार इथी येऊन बसला, मी फक्त स्क्रीन त्याच्याकडं फिरवली. वाचलं ते त्यानं.”