हिवाळ्याला शून्य गुण

कोटवाल्या काकू शालान्त परीक्षेत नापास झाल्या, तेही दोन गुणांनी, आणि तेही भाषेत. गणितात त्यांना एकाहत्तर होते. तीस वर्षं लोकांचे खांदे, छात्या आणि बाह्या मोजून कापड बेतणाऱ्या बाईला गणित काय जड जाणार? पण भाषेत तेहतीस? ज्यांच्या बोलण्यापुढे भलेभले गप्प बसत, त्या काकूंना? लेकीने गुणपत्रिकेवरचं नाव दोनदा वाचलं आणि कपाळाला हात लावला.

छप्पन्नाव्या वर्षी काकूंना परीक्षेचं खूळ उगाच लागलं नव्हतं. शिवणशाळेत कोट शिकवायला माणूस हवं होतं. तिथल्या मुख्य बाई स्वतः घरी आल्या होत्या. "तुमच्यासारखा हात दुसरा नाही, काकू. पण नियमात शालान्त पास लिहिलंय. निकालापर्यंत जागा राखून ठेवते, त्यापुढे माझ्या हातात नाही." तेव्हापासून काकू रोज मशीनवर कापड घालून ठेवत आणि संध्याकाळच्या वर्गाला जात. बाकं लहान मुलांची होती. गुडघे फळीला टेकायचे. काकू कुरकुर न करता आडव्या बसायच्या.

भाषा शिकवायला एक तरुण सर होते. सज्जन, नाकासमोर चालणारे. पुस्तकात हिवाळ्यावर एक कविता होती. एक म्हातारा खिडकीत बसलाय, बाहेर एक निष्पर्ण झाड आहे, बर्फ पडतंय, आणि म्हाताऱ्याला आपला शेवट दिसतोय. सरांनी ती चांगली वाचली. काकूंना आवडलीसुद्धा. मग सर म्हणाले, "आता लिहून घ्या. हिवाळा हे वार्धक्याचे, एकाकीपणाचे आणि मृत्यूचे प्रतीक आहे. हा प्रश्न हमखास येतो. तीन मुद्दे, पाच गुण."

सगळ्यांची पेनं खाली वाकली. काकूंचं तसंच राहिलं.

"काकू, लिहिताय ना?"

"सर, हे त्या म्हाताऱ्याचं झालं. त्याचा हिवाळा तसा असेल, मी नाही म्हणत नाही. पण सगळ्यांचाच तसा असं कुणी ठरवलं?"

"साहित्यात तसा संकेत आहे, काकू. वसंत म्हणजे जन्म, हिवाळा म्हणजे मृत्यू."

"संकेत करणाऱ्यांनी कधी कोट शिवला नसणार," काकू म्हणाल्या. वर्ग हसला. सरही हसले आणि पुढच्या धड्याकडे वळले. काकू मात्र हसल्या नव्हत्या.

परीक्षेत तोच प्रश्न आला. कवितेच्या आधारे हिवाळा कशाचे प्रतीक आहे ते लिहा. काकूंना तीन मुद्दे तोंडपाठ होते. त्यांनी पहिल्या ओळीत लिहिलं, 'कवितेतल्या म्हाताऱ्यासाठी हिवाळा मरणाचे प्रतीक आहे, पण मला ते पटत नाही,' आणि पुढे दीड पान भरलं. त्या दीड पानाला शून्य मिळालं होतं.

"पेपर बघायला मागू," काकू म्हणाल्या.

लेक चिडली, पण अर्ज तिनेच लिहिला आणि रजा काढून आईबरोबर परीक्षा कार्यालयात गेली. तिसऱ्या मजल्यावर, कपाटांच्या मधल्या बोळात मुख्य परीक्षकांचं टेबल होतं. गळ्याला मफलर, अंगात जाड कोट, बोटं अर्ध्या मोज्यांत. खिडकीची काच तडकलेली होती आणि तिथून वारा सरळ त्यांच्या मानेवर येत होता. काकूंची नजर आधी कोटावर गेली. डाव्या खांद्याची शिवण ओढली गेली होती. अस्तर कमी बेतलं असणार.

परीक्षकांनी उत्तरपत्रिका काढली आणि तो प्रश्न उघडला. सुरुवातीला मनात वाचत होते, मग ओठ हलू लागले, आणि नकळत ते मोठ्याने वाचू लागले.

'थंडी पडली की माझ्या दारात माणसं येतात. एकाला कोट हवा असतो, दुसऱ्याला बापाचा कोट मुलाच्या मापाचा करून हवा असतो. घर भरलेलं असतं. मी एकटी असते ती उन्हाळ्यात. माझे मिस्टर गेले तेही भर उन्हाळ्यात, दुपारी दोन वाजता. दारातलं झाड तेव्हा फुलांनी लगडलं होतं. त्या झाडाला काही वाटलं नाही. तेव्हापासून मरण म्हटलं की मला फुलं आठवतात, बर्फ आठवत नाही. हिवाळ्यात त्रास नसतो असं मी म्हणत नाही. बोटं गारठतात, सुई टोचली तरी कळत नाही, कापडावर रक्ताचा डाग दिसला की कळतं. पण प्रतीक विचारलंय म्हणून सांगते. माणसाला माणसाची गरज लागते, त्याचं प्रतीक हिवाळा आहे. झाडाचं म्हणाल तर पानं गळली म्हणजे झाड मेलं असं होत नाही. कवीने आणखी दोन-तीन महिने खिडकीत बसायला हवं होतं.'

परीक्षकांनी पान मिटलं. 

"बाई, चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "खरंच चांगलं लिहिलंय."

"मग शून्य कसं?"

"आदर्श उत्तरात तीन मुद्दे आहेत. त्यांतला एक तुम्ही पहिल्या ओळीत लिहिलात आणि तिथेच खोडून काढलात. तपासणाऱ्याने तरी काय करावं?"

"वाचावं," काकू म्हणाल्या.

लेकीने त्यांचा हात दाबला. परीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला. "हे बघा, तुम्हाला दोनच गुण हवेत. एक साधा अर्ज द्या, की प्रश्नाचा अर्थ लावण्यात माझी चूक झाली. प्रश्न न समजल्यामुळे उत्तर भरकटलं असेल तर सहानुभूतीचे दोन गुण देता येतात, तशी सोय आहे. आत्ता इथे लिहा, मी आत्ता सही करतो."

लेकीने पर्समधून पेन काढून आईपुढे ठेवलंसुद्धा. काकूंनी कागदाकडे बघितलं. शिवणशाळेतली लांब टेबलं, वरच्या दिव्यांचा उजेड, आपल्याकडे बघणारे वीस चेहरे, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. दोन ओळींचं तर काम होतं.

"साहेब, प्रश्न मला समजला होता," त्या म्हणाल्या. "नीट समजला होता. समजला नाही असं कसं लिहू?"

"अहो, कागदावर लिहायचंय फक्त."

"मी लिहिलं तेही कागदावरच होतं. ते खरं होतं. आता त्याच्यावर खोटं कशाला चढवू?" काकू उठल्या. दारापर्यंत जाऊन थांबल्या. "आणि ती काच बसवून घ्या. मान धरेल."

जिन्यात लेकीचा बांध फुटला. "दोन ओळी, आई! दोन ओळींसाठी वर्ष घालवलंस. ती जागा आता दुसऱ्या कुणाला जाईल. कोण विचारतंय तुला हिवाळा म्हणजे काय?"

"त्यांनीच विचारलं होतं," काकू म्हणाल्या. "पाच गुणांना."

जागा गेलीच. शिवणशाळेने महिन्याभरात दुसरी बाई नेमली. बातमी कळली त्या दिवशी काकूंनी मशीन उघडलं नाही. दुपारभर खुर्चीत बसून राहिल्या, चहासुद्धा दोनदा गार झाला. लेकीला वाटलं, आता पश्चात्ताप होतोय. वाईट काकूंना वाटत होतंच, खूप वाटत होतं. पण पश्चात्ताप नव्हता. संध्याकाळी त्यांनी तोंड धुतलं आणि पुन्हा परीक्षेला बसण्याचा अर्ज भरला.

फेरपरीक्षा उकाड्यात झाली. या वेळी प्रश्न वसंतावर होता. काकूंनी बाकीचा पेपर आधी सोडवला, व्याकरण दोनदा तपासलं, आणि मग निवांत लिहिलं की वसंत आला की माझं काम सुटतं, लोक कोट ट्रंकेत टाकतात आणि मला रस्त्यात ओळखही देत नाहीत. त्या उत्तराला पाचापैकी एक मिळाला. तो कशाबद्दल, देव जाणे. भाषेत एकूण बेचाळीस झाले आणि काकू पास झाल्या. व्याकरणाने त्यांना तारलं.

शिवणशाळेतली नवी बाई छान शिकवत होती, तिला काढण्याचा प्रश्नच नव्हता. मुख्य बाईंनी काकूंना आठवड्यातले दोन दिवस दिले, फक्त गळा आणि बाह्या शिकवायला. काकूंनी ते घेतले.

थंडीच्या सुरुवातीला वर्गाचे सर त्यांच्याकडे आले. हातात पिशवी होती, पण कोट शिवून घ्यायला आले नव्हते. "कार्यालयात तुमच्या उत्तराची चर्चा झाली म्हणे. मला ते पुन्हा लिहून मिळेल का? यंदाच्या वर्गाला ती कविता शिकवताना द्यावी म्हणतो."

काकूंनी तोंडातली टाचणी काढली. "द्यावी म्हणजे? लिहून घ्या म्हणून?"

"हो. चौथा मुद्दा म्हणून."

"मग नाही मिळणार."

सरांचा चेहरा पडला. काकूंनी त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं.

"सर, बसा. तुमच्या वर्गात यंदा कोण कोण आहे?"

"एक पाववाला आहे. दोघी दवाखान्यात साफसफाई करतात. एक आजोबा आहेत, आधी ट्रक चालवायचे."

"मग त्यांना विचारा की त्यांचा हिवाळा कसा असतो. पाववाल्याला भट्टीपुढे हिवाळा म्हणजे सुख असेल. आजोबांना गोठलेल्या रस्त्यावर तो मरणच वाटला असेल, मग त्यांनी मरण लिहावं. माझं कशाला घोकायचं त्यांनी?"

"पण परीक्षेत शून्य मिळालं तर?"

"तर बसतील पुन्हा. मी बसले ना?" काकू म्हणाल्या आणि मशीनचं चाक फिरवलं. दारात तोवर तीन माणसं येऊन उभी राहिली होती.