डूख

घरी कुणी नवा पाहुणा आला आणि धाकटी काय करते असा प्रश्न निघाला, की दादाचं उत्तर ठरलेलं असे, "ती ना? माश्या मारते." पाहुणा अवघडून तिच्याकडे बघे. मग दादा टाळी देऊन सांगे, "अहो खरंच! पीएच.डी. चालू आहे तिची माश्यांवर." सगळे हसत. तीही हसे. सुरुवातीला मनापासून हसायची, पुढे पुढे नुसते दात दिसायचे.

खरं तर तिचा सगळा जन्म माश्या जगवण्यात चालला होता. ज्या केळ्यांवर घोंगावतात आणि ज्यांना लोक चिलटं म्हणून हाकलतात, त्या लाल डोळ्यांच्या बारीक माश्या. मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट घालून त्यांच्यासाठी मोठ्या पातेल्यात पेज शिजवायची, ती काचेच्या नळ्यांत ओतायची, वर कापसाची बुचं लावायची. त्या आंबूस वासाने तिचे केस, ओढण्या, पुस्तकं, सगळं भरून गेलं होतं. केळं तर तिने कधीच सोडलं होतं. कोशातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माद्या नर जवळ यायच्या आत वेगळ्या काढाव्या लागत, म्हणून रोज उजाडायच्या सुमाराला ती प्रयोगशाळेत हजर. माश्यांना रविवार कळत नाही. मावसबहिणीचं लग्न त्यातच हुकलं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाही वहिनीच आईजवळ बसली आणि ही गुंगीच्या गॅसने आडव्या झालेल्या माश्या ब्रशाने इकडून तिकडे सारत राहिली.

तिचं काम होतं माश्यांच्या आठवणीचं. एक वास सोडायचा आणि बरोबर विजेचा हलका झटका द्यायचा. मग माश्या त्या वासापासून लांब पळतात. पण बिचाऱ्यांची आठवण ती केवढी! दुसऱ्या दिवशी सगळं विसरून पुन्हा त्याच वासाकडे जातात. कितीतरी वाण तपासून तिचे डोळे गेले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, आणि मग एक वाण असा निघाला की आठवडा उलटला तरी त्यातली एकही माशी त्या वासाकडे फिरकेना. आधी तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिने पुन्हा केलं. यंत्र बदलून केलं. कोणती नळी कसली हे स्वतःला कळू नये म्हणून दुसऱ्याकडून चिठ्ठ्या लावून घेऊन केलं. माश्या विसरायला तयार नव्हत्या. त्यांचे पंख टोकाशी जरासे वर वळलेले असत. ती एक जन्मजात खूण होती, आठवणीशी तिचा संबंध नव्हता. नळ्यांवर तिने एकच शब्द लिहिला, 'डूख'. प्रयोगशाळेत सगळे हसले, पण नाव चिकटलं.

सर मात्र हसले नाहीत. तिचे गाइड. मऊ बोलणारे, कुणावर आवाज न चढवणारे, स्वतःचा चहाचा कप स्वतः विसळणारे. आकडे बघून ते म्हणाले, "छान आहे. पण घाई नको. आणखी एकदा करून बघ."

तिने आणखी एकदा केलं. मग ते म्हणाले, वेगळ्या वासावर बघ. मग म्हणाले, म्हाताऱ्या माश्यांवर बघ. लिहायला बसू या का असं तिने विचारलं, की त्यांच्या चेहऱ्यावर दाढ दुखल्यासारखी एक कळ येई. शेवटी एक दिवस ते स्वतःच तिच्या टेबलाशी आले. "मेंदूचे फोटो हवेत आपल्याला. नुसत्या वागण्यावर कोण विश्वास ठेवतो? दाढीवाल्यांकडे तसा मायक्रोस्कोप आहे. त्यांना थोड्या माश्या पाठवून दे."

दाढीवाले म्हणजे सरांचे जुने मित्र. मोठ्या संस्थेत मोठी प्रयोगशाळा, हाताखाली माणसंच माणसं. तिने नळ्या निवडून निवडून भरल्या, भोवती कापूस लावला, कशा जगवायच्या याच्या सूचना लिहिल्या. पेज फार ओली ठेवू नका, बुरशी येते, हेसुद्धा लिहिलं. मुलीला सासरी पाठवताना लिहितात तसं झालं होतं ते.

फोटो काही आले नाहीत. सरांना विचारलं की म्हणत, "ते कामात असतात गं."

प्रयोगशाळेत एक नवा मुलगा होता. काहीही सांगितलं की "हो, ताई" म्हणायचा, म्हणून त्याचं नावच 'होताई' पडलं होतं. हुशार होता आणि कामाला वाघ. माशीची मादी ओळखण्यापासून ब्रश धरण्यापर्यंत सगळं त्याला तिने शिकवलं होतं. दर बुधवारी सगळ्यांसमोर एक नवा शोधनिबंध समजावून सांगायची पद्धत होती. त्या बुधवारी त्याची पाळी होती. तो उत्साहाने उभा राहिला आणि म्हणाला, "ताईंच्या विषयाच्या अगदी जवळचा पेपर सापडलाय. कालच आलाय. विसरतच नाहीत अशा माश्या!"

पडद्यावर एका माशीचा भलामोठा फोटो आला. पंख टोकाशी जरासे वर वळलेले.

तिने आधी पंख बघितले, मग आलेख. आलेख तिला तोंडपाठ होता. आठवडाभर सरळ चालणारी ती रेघ तिने इतक्या वेळा काढली होती की डोळे मिटूनही काढली असती. दाढीवाल्यांचं नाव शेवटी होतं, मानाच्या जागी. मधे खूपशी नावं होती. त्यांत सरांचं होतं. तिचं नव्हतं.

"ताई, हे... हे आपल्याच..." होताईचा आवाज मधेच विरला. त्याला तेव्हा कुठे उमगलं होतं.

सर खाली बघून पेनाचं टोपण उघडत-लावत होते. "पुढची स्लाइड," ते म्हणाले.

बैठक संपल्यावर ती त्यांच्या खोलीत गेली. बस म्हणायच्या आत बसली.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"छापून येणार एवढं माहीत होतं. इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं."

"माझ्या माश्या आहेत त्या."

"माश्या प्रयोगशाळेच्या असतात," सर मऊपणे म्हणाले. "हे बघ, तू चिडली आहेस ते मला समजतं. पण ते छापतोय म्हणाले तेव्हा मी नाही म्हटलं असतं, तर उद्या आपल्याला कोण विचारणार होतं? आपला पुढचा निधी ज्या समितीच्या हातात आहे, तिचे ते अध्यक्ष आहेत. तू आज ना उद्या जाशील. मला ही प्रयोगशाळा चालवायची आहे. होताईचं बघायचंय, बाकीच्या मुलांचं बघायचंय."

"आणि माझं?"

"तुझं नाव आहे की. शेवटी, आभारात."

तिने फोन काढून तिथल्या तिथे बघितलं. 'माश्या पुरवल्याबद्दल' तिचे आभार मानले होते. आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं.

संध्याकाळी तिने आईला फोन केला. सांगता सांगता रडू आलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण छापून आलं ना गं? तुझं म्हणणं खरं निघालं ना? मग रडतेस काय वेड्यासारखी!" आईच्या आवाजात इतका भाबडा आनंद होता की समजावून सांगायचं त्राणच तिच्यात उरलं नाही. "हो आई, खरं निघालं," ती म्हणाली.

ती अजून त्या धक्क्यातून सावरतेय तोच दाढीवाल्यांचा निरोप आला. त्यांच्याकडच्या सगळ्या नळ्यांना माइट नावाची बारीक कीड लागली होती आणि माश्या पार गेल्या होत्या. पुढचं काम अडलं होतं. पुन्हा पाठवता का?

"मी नाही पाठवणार," ती सरांना म्हणाली.

"बरं," एवढंच बोलून सर निघून गेले.

त्या दुपारी इन्क्युबेटरच्या खोलीत कुणी नव्हतं. तिने 'डूख'चा ट्रे बाहेर काढला. नको असलेल्या माश्या टाकायची स्पिरिटची बाटली हाताशीच होती. एक-एक बूच काढून नळी उलटी करायची, बस्स. मग कुणीच काही छापणार नव्हतं. तिने पहिलं बूच काढलं आणि नळीच्या तोंडावर अंगठा धरून उभी राहिली. खाली माश्या काचेवरून वर चढत होत्या. तेवढ्यात तिला आठवलं की प्रबंधाचं शेवटचं प्रकरण याच माश्यांवर व्हायचंय. या गेल्या तर आपलीही इतकी वर्षं पाण्यात. तिने बूच परत लावलं. यात मोठेपणा काही नव्हता. तिला तो त्या क्षणीही वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी होताई दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात रिकामा खोका होता आणि मान खाली.

"ताई, सरांनी मला पाठवायला सांगितलंय. कुठला ट्रे?"

शेजारीच तशाच वळलेल्या पंखांच्या, पण विसराळू माश्यांचा ट्रे होता. तिने त्या ट्रेकडे बोट दाखवलं असतं तरी त्याने "हो, ताई" म्हणून तोच भरला असता. मोठ्या संस्थेत ते महिनोन्महिने डोकं धरून बसले असते. आणि मग खापर फुटलं असतं ते या पोराच्या डोक्यावर.

"वरचा," ती म्हणाली. "उजवीकडचा."

त्याने नळ्या सुरेख भरल्या. अगदी तिने शिकवल्या तशा. दाढीवाल्यांचा दुसरा शोधनिबंध निघाला तेव्हा त्यात त्याचं नाव होतं. तो पेढे देतात तशा आविर्भावात सांगायला आला आणि तिचं तोंड बघून तसाच मागे वळला. त्यानंतर दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत.

प्रबंध लिहिताना नवीच पंचाईत झाली. जे तिने शोधलं ते आता आधीच कुणीतरी शोधलेलं होतं. तोडगा सरांनीच काढला. "असं लिही, की तुझ्या निरीक्षणांमुळे त्यांच्या निष्कर्षाला दुजोरा मिळतो."

तिने तसं लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "हे तर छापून आलेलं आहे. तुमचं स्वतःचं नवीन काय?" सर खिडकीबाहेर बघत होते. ती उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "माझ्या निरीक्षणांमुळे त्यांच्या निष्कर्षाला दुजोरा मिळतो." बाईंनी मान हलवली. "बरंय. दुजोराही लागतोच विज्ञानात."

पदवी मिळाली. दादा आता पाहुण्यांना सांगताना "डॉक्टर" म्हणू लागला. नोकरी मात्र मिळेना. तिने बऱ्याच ठिकाणी अर्ज केले. कुणी कळवलं की आणखी शोधनिबंध असते तर विचार केला असता, बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. एका ठिकाणाहून मात्र लगेच उत्तर आलं. दाढीवाल्यांकडून. 'तुमच्यासारख्या अनुभवी व्यक्तीची आम्हाला गरज आहे.'

"मग अडलंय कुठे?" दादा म्हणाला. "एवढी मोठी संस्था! राग कसला धरून बसतेस? तुझ्या जागी मी असतो तर उड्या मारत गेलो असतो."

ती उड्या मारत गेली नाही. पण गेली.

पहिल्या दिवशी दाढीवाले दोन मिनिटं भेटले. माणूस दिलखुलास होता. "तुमच्या सरांची आमची जुनी दोस्ती," असं म्हणून त्यांनी हात मिळवला आणि एका विद्यार्थिनीला हाक मारली. केसांत पेन्सिल खोचलेली, भराभर बोलणारी मुलगी होती ती. तिने हिला इन्क्युबेटरपाशी नेलं.

"मॅडम, तुम्हाला या माश्या नवीन असतील, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते हं. हा आमच्या प्रयोगशाळेतला सगळ्यात प्रसिद्ध वाण. पंख बघा, टोकाला वळलेले आहेत. त्यावरून ओळखायचं."

"कुणी शोधला हा वाण?" तिने विचारलं.

"आमच्याच एका सिनियरने. तो आता परदेशात असतो. जरा नाजूक आहेत, सारखी बुरशी लागते. काय करावं तेच कळत नाही."

तिने एक नळी उजेडात धरली. पेज पाणीदार होती आणि काचेला आतून दव धरलं होतं.

"पेज फार ओली ठेवता तुम्ही," ती म्हणाली. "आणि हा वाण मी शोधला."

मुलगी हसली. मग हसायचं की नाही हे न कळून थांबली. "म्हणजे? पेपरमध्ये तर तुमचं नाव..."

"नाही."

मुलीने दाराकडे बघितलं. कुणी ऐकलं तर नाही ना, असं. मग आवाज खाली आणून, जरा दयेने आणि जरा घाबरून म्हणाली, "मॅडम, एक सांगू? इथे असं कुणाला बोलू नका. पहिलाच दिवस आहे तुमचा."

पलीकडच्या टेबलांवर माणसं मायक्रोस्कोपात डोकं घालून बसली होती. एक खुर्ची रिकामी होती. तिने नळ्यांचा ट्रे उचलला, त्या खुर्चीत जाऊन बसली आणि मायक्रोस्कोपची उंची आपल्या डोळ्यांना जुळवून घेऊ लागली.

"ब्रश कुठे ठेवता?" तिने विचारलं.