जाड टायरची गाडी

माझे सासरे केळीचे व्यापारी. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. शेतकऱ्याची केळी काट्यावर चढली की दांड्याचं वजन म्हणून त्यातून काही कापायचं, त्याला कटती म्हणतात. नाना मंडीतून लोधीपुऱ्यात घरी येऊन हातपाय धुतात, पण कटतीची खोड काही धुतली जात नाही. ताप एकशे दोन सांगितला तर ते शंभर धरतात. म्हणून आमच्या घरात जो तो वाढवून बोलतो. लग्नानंतर मीही ते शिकले, आणि त्याच शहाणपणाने माझं वाटोळं झालं.

मी जैनाबादच्या शाळेत शिकवायचे. वाटेतल्या पुलापलीकडचा रस्ता केळीच्या ट्रॉल्यांनी पार खाल्लेला. तिथल्या चिखलात माझी स्कूटी घसरली आणि मनगट मोडलं. तेव्हापासून माझा नवरा निरंजन मला सोडायला यायचा. म्हणजे त्याची झोप पुरी झाली की यायचा. रोजचा उशीर. शेवटी शाळेच्या मोठ्या मॅडमनी स्पष्टच सांगितलं, वेळेवर जमत नसेल तर आम्ही दुसरी बाई बघतो.

मग मी ती जाड टायरची बॅटरीवाली सायकल शोधून काढली आणि जेवताना मोबाइलवर सगळ्यांना दाखवली.

“टायर रुंद आहेत नाना, चिखलात घसरत नाही.”

“कमी घसरते, असं म्हन,” नाना म्हणाले.

“लायसन लागत नाही. एकदा चार्ज केली की दोन दिवसांचं जाणं-येणं होतं.”

“कंपनी बोलते तितकी कोनतीच गाडी चालत नाही. आन् रस्त्यात बॅटरी खलास झाली, मंग? इतकं जड धूड ढकलत आनशील?”

“मागे सीटच नाही यार,” निरंजन म्हणाला. “मम्मीला मंदिरात कोण नेणार?” जसा काही आजवर हाच नेत होता!

त्यांचं सगळंच खोटं होतं असं नाही. गाडी जडच होती. पंक्चर झाली तर आमच्या चौकातल्या माणसाकडे तसली ट्यूब मिळाली नसती, हेही मला ठाऊक होतं. पण ते सगळं मी सोसलं असतं. मला वेळेवर वर्गात उभं राहायचं होतं, बस्स.

नाना एकेक गुण कापत चालले, तेव्हा मी सगळ्यात वजनदार गोष्ट काट्यावर ठेवली. म्हटलं, “ही गाडी नाही आली तर मला नोकरी सोडावी लागेल.” मला वाटलं, नाना यातूनही कापतील. म्हणतील, नोकरी कशाला सोडतेस, बघू काहीतरी. तेवढ्यावर माझं काम झालं असतं.

नानांनी भाकरी मोडली. “हां, ये बात बराबर आहे. सोडून दे बेटा. रोजची परेशानीच खतम.”

या वेळी त्यांनी काहीच कापलं नाही. मी घाईघाईने म्हटलं, “तसं नाही नाना, मी आपलं...”

“खुद तूच बोलली ना आत्ता?” निरंजन म्हणाला, आणि तिथेच बसून त्याने मोठ्या मॅडमना फोन लावून मी नोकरी सोडतेय म्हणून कळवलं. किती गोड आवाजात बोलला! सकाळची झोप वाचली होती त्याची. त्या दोघांचा मला भयंकर संताप आला. तरी ताटं मीच उचलली.

दिवाळीनंतर ती गाडी घरी आली. नानांना आमच्या स्वतःच्या केळीच्या मळ्यात पाण्याची पाळी बघायला हिंडावं लागतं, म्हणून. चिखलात ती खरोखर घसरत नाही.

आता कोणी ओळखीचा व्यापारी आला की नाना ओट्यावरून हाक मारतात, “बेटा, याले जरा समजावून सांग गाडीचं.” मी हात पुसत बाहेर येते. टायर, बॅटरी, लायसन, सगळं ओळीने सांगते. पाहुणा गोंधळला तर न चिडता पुन्हा पहिल्यापासून सांगते. शाळेत मी हेच तर करत होते.