शेपटाकडची जागा

बसा. संकोच करू नका, माझा जन्मच बसण्यासाठी झालाय. मी तरटपट्टी बोलतेय, पेठ तालुक्यातल्या एका डोंगरगावच्या शाळेची. आता माझा एकच तुकडा उरलाय, पण बोलायला तेवढा पुरे.

१९७४ साली नाशिकहून एस.टी.च्या टपावर बसून मी आले. बारा हात लांब, कोरी करकरीत. पहिल्या दिवशी पोरांना अशी टोचले की सगळी उठून उभी राहिली. पुढं त्यांनीच मला बसून बसून मऊ केलं.

शाळेला खोली एक आणि सावळीराम गुरुजी एकटेच. त्यांनी मला त्यांच्या खुर्चीपासून थेट दारापर्यंत अंथरलं. खुर्चीजवळचं तोंड हुशार पोरांचं, दाराकडचं शेपूट 'ढ' पोरांचं. गुरुजी माणूस वाईट नव्हते हो, हे आधीच सांगते. अंगात ताप असला तरी शाळा उघडायचे. पण शिकवायचे ते पुढच्या चार पोरांना. धडा माझ्या शेपटापर्यंत पोचेतो पुढचा सुरू झालेला असायचा.

शेपटाच्या अगदी टोकाला नवसा बसायची. तीन वर्षं दुसरीतच. पाटी हातात आली की तिला घाम फुटायचा, मग बोटांनी माझे धागे उपसत बसायची. तिथं मला भोक पडलं. राग यायचा मला, खोटं कशाला बोलू? पण ती पोर दुसरं करणार तरी काय?

वर्षातून एकदा तपासणी असायची. साहेब जीपमधून यायचे आणि सगळ्या वर्गाला एकच प्रश्न घालायचे. आदल्या दिवशी गुरुजी हळूच सांगायचे, "मागची पोरं उद्या घरी थांबा." शाळेचं नाव राहायचं, आणि पोरंही साहेबांपुढं रडण्यापासून वाचायची, असं त्यांना वाटे. त्या दिवशी माझं शेपूट गार पडायचं.

१९७९ च्या जूनमध्ये विमलाबाई आल्या. गुरुजींनी तिसरी-चौथी ओसरीवर नेली. पहिली-दुसरी आणि मी बाईंच्या वाट्याला आलो. आठवडाभर त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. शेपटाकडं, नवसाच्या शेजारी बसून बघत राहिल्या.

नवसाची आई सखुबाई शाळेत पाणी भरायची. हंडा उतरवता उतरवता एकदा म्हणाली, "बाई, यंदा बी दुसरीतच राहिली, तं पुढच्या सालाला शेळ्या वळंल. लय झाली शाळा."

"तोवर थांबा," बाई म्हणाल्या. "आणि तुमचा विळा द्या जरा."

त्या विळ्यानं त्यांनी माझे तीन तुकडे केले. दुखलं मला. गुरुजी ओसरीवरून धावत आले. "बाई, ही सरकारी वस्तू. नोंदवहीत पट्टी एक, असं लिहिलंय. साहेबांना काय सांगू?"

"सांगा, पोरं एकसारखी नाहीत म्हणून कापली."

गुरुजी कपाळाला हात लावून ओसरीवर परत गेले.

पहिल्या तुकड्यावर वाचता येणारी पोरं पुस्तक घेऊन बसली. दुसऱ्यावर अक्षरांचे पुठ्ठे. तिसऱ्यावर बोटानं गिरवायची धूळपाटी आणि चिंचोक्यांचा ढीग. जागा मात्र कुणाची कायमची नव्हती. वाचण्यात पहिला असणारा खंडेराव बेरजेच्या वेळी मुकाट चिंचोक्यांवर यायचा, आणि नवसा त्याला दहा-दहाचे ढीग मांडून दाखवायची. पाटीवर जे तिला दिसत नव्हतं, ते चिंचोक्यांत दिसत होतं. दिवाळीनंतर तिनं माझा एकही धागा उपसला नाही.

मग तपासणी आली. बाईंनी कुणालाच घरी थांब म्हटलं नव्हतं. तरी सकाळी नवसाची जागा रिकामी.

सखुबाई साहेबांसाठी पाणी घेऊन आली. बाईंनी विचारलं, "नवसा कुठाय?"

"घरी. आज तपासणी हाय ना? तिला म्हायती हाय, आज यायचं नसतं."

बाईंचे डोळे भरून आले. दारात गुरुजी उभे होते, त्यांनी ते ऐकलं. खालच्या वळणावर जीप घरघरत होती. गुरुजींनी टोपी डोक्यावर चढवली आणि बाहेर पडले.

साहेब आले, तर मुख्याध्यापक गुरुजीच जागेवर नाहीत! त्यांच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात गुरुजी धापा टाकत आले, नवसाचा हात धरून. तिला त्यांनी माझ्यावर बसवलं.

"सत्तावीस आणि पंधरा किती?" साहेबांनी विचारलं. पाट्या पटापट वर झाल्या. नवसा चिंचोके मांडू लागली. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"थोडं थांबा, साहेब," गुरुजी म्हणाले.

साहेब थांबले. सगळी खोली थांबली.

"बेचाळीस," नवसा म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली. मग त्यांची नजर माझ्या कापलेल्या कडांवर गेली. "ही पट्टी कुणी कापली?"

बाई पुढं झाल्या, पण गुरुजी आधी बोलले. "मी कापली, साहेब. कापायला उशीरच झाला."

साहेबांनी वहीत काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. मला कुठं वाचता येतं! नवसा मात्र तिसरीत गेली. अक्षर तिचं शेवटपर्यंत गिचमिडच राहिलं, पण पोरगी सातवी शिकली.

१९८८ साली शाळेत बाकं आली. माझा एक तुकडा उंदरांनी खाल्ला, एक हरवला. मी तिसरा, भोक पडलेला. दारात पाय पुसायला पडलेय.

पुसा, माझी हरकत नाही. फक्त आत गेल्यावर दाराकडची जागा बघा. ती रिकामी असेल, तर ते मूल आजारी आहे, की येऊ नको असं आपणच त्याला शिकवलंय, ते त्याच्या घरी जाऊन विचारा. सावळीराम गुरुजींना नवसाच्या घरी जायला तीन वर्षं लागली. घर शाळेच्या मागंच होतं.