चाळीस कुणाच्या नावावर

लग्नाच्या स्थळांना माझं काम समजावून सांगायची जबाबदारी आमच्या आक्काने आपणहून घेतली आहे. आक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. फोनवर समोरून विचारतात, मुलगी काय करते? आक्का सांगते, "हवा मोजते." पलीकडून परत विचारतात, काय मोजते? मग आक्काच सावरून घेते, "एसीत बसून मोजते." एवढ्यावर दोन स्थळं पुढे सरकली, म्हणजे बघा.

मी मृणाली म्हात्रे, राहणार शेलार, तालुका भिवंडी. ऐरोलीच्या एका कंपनीत डेटा सायंटिस्ट आहे. हवेत धूळ किती, धूर किती, तो येतो कुठून आणि कमी कसा करायचा, हे आकड्यांतून शोधून काढायचं, हे माझं काम. चार वर्षं मी दिल्लीची हवा मोजली, पुण्याची मोजली, एकदा तर परदेशातल्या सिमेंट कारखान्याची मोजली. आणि घरी येऊन गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या ओढणीवरची काजळी झटकत बसायची. मला या गोष्टीचा भयंकर राग यायचा. शेवटी मी आमच्या हेमाली मॅडमच्या हात धुऊन मागे लागले की एक प्रकल्प भिवंडीत करू या.

मॅडम कबूल झाल्या, पण अट घालून. दोन गावं, दोन यंत्रं, साठ दिवस. हवेतला आकडा जेव्हा जेव्हा चढेल, तेव्हा तो का चढला हे मला सांगता आलं पाहिजे. सांगता आलं, तर यंत्रं तालुक्यातल्या वीस गावांत लागणार आणि ते काम मी बघणार. नाही सांगता आलं, तर प्रकल्प बंद आणि माझी बदली बंगळुरूला, एका फ्रिजच्या कंपनीचे आलेख काढायला. मला जायचं नव्हतं. घर सोडायचं नव्हतं आणि हे काम तर त्याहून सोडायचं नव्हतं.

एक यंत्र मी शेलारला क्रीडा मंडळाच्या ऑफिसच्या भिंतीवर लावलं, दुसरं दापोड्याला, गोदामांच्या नाक्यावर. प्रत्येक यंत्राखाली लाल आकड्यांची मोठी पाटी. आणि लोकांना तुलना करता यावी म्हणून दोन्ही पाट्यांवर दोन्ही गावांचे आकडे. ही अक्कल माझीच, दुसऱ्या कुणाला दोष देत नाही.

आता आमच्याकडचे टेनिस बॉल क्रिकेटचे सामने बाहेरच्या माणसाला समजावून सांगावे लागतात. गावाविरुद्ध गाव, बक्षिसाला मोटारसायकल, माइकवर समालोचन, आणि हरलेलं गाव पुढच्या मोसमापर्यंत खाली मान घालून फिरतं. मागच्या वर्षी फायनलला दापोड्याने शेलारला तीन रनांनी हरवलं होतं. त्या जखमेवर मी पाटी लावली: शेलार ९४, दापोडे १०८.

पहिल्याच संध्याकाळी धनेशचा फोन. धनेश माझा चुलतभाऊ, शेलारच्या टीमचा कॅप्टन.

"ताई, चौदानी मागं हाय आपन."

"धनेश, हा स्कोअर नाही. तापासारखं आहे ते. जास्त म्हणजे आजारी."

"हां हां, कळलं," म्हणाला.

डोंबल कळलं होतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं, हे मला मागाहून समजलं, की वाईट गोष्ट असती तर एवढ्या मोठ्या लाल आकड्यांत भर नाक्यावर कुणी लावली असती का.

मला ऑफिसात बसून फक्त आकडे दिसत होते, आणि आकडे चक्रावून टाकणारे होते. रोज संध्याकाळी पावणेसातला शेलार चढायचं. पाच मिनिटांत दापोडे त्याच्या वर. मग परत शेलार. असं साडेसातपर्यंत. साडेसातला दोन्ही एकदम खाली, जणू कुणी शिटी वाजवली. मी म्हटलं, हे काहीतरी मोठं सापडलंय. संध्याकाळची थंड होणारी हवा, कापडाच्या लूमवाल्यांची शिफ्ट बदलायची वेळ, खाडीवरचा वारा, सगळं एकात एक गुंफून मी अकरा स्लाइड केल्या. इतक्या सुंदर स्लाइड मी आयुष्यात केल्या नव्हत्या.

एकावन्नाव्या दिवशी लवकर सुटले आणि पावणेसातला मंडळाच्या मैदानाशी रिक्षातून उतरले. समोर धनेशचा टेम्पो, मागची बाजू भिंतीकडे, सायलेन्सरचं तोंड बरोबर माझ्या यंत्राखाली, आणि धनेश आत बसून रेस देतोय. शेजारी स्टुलावर आमची आक्का, पुढ्यात कोळशाची शेगडी, त्यावर सुके बोंबील, आणि आक्का सुपाने धूर यंत्राकडे ढकलतेय. पन्नासेक माणूस उभं. पाटीवर १८७. माइकवरून कुणीतरी सांगत होतं की दापोड्याने डासांचं धुराचं मशीन आणलंय, तेव्हा शेलारकरांनी ढिले पडू नये.

माझं डोकंच फिरलं. सरळ टेम्पोशी गेले, चावी काढली आणि पर्समध्ये टाकली.

"आक्का, तू पण?"

"मंग काय, गावाची इज्जत हाय," आक्का म्हणाली आणि एक बोंबील परतला.

मग मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटचं तेवढं सांगते. म्हटलं, तुमच्या या मॅचपायी एकावन्न दिवसांचे आकडे मातीत गेले, प्रकल्प गेला, आणि मी चालले बंगळुरूला. बसा आता धूर करत.

आक्काने सूप खाली ठेवलं.

"आदी सांगाचं न्हाय?"

"सांगितलं नव्हतं का? शंभर वेळा सांगितलं."

"हवेचं सांगितलंस. तू जानार, हे कुटं सांगितलंस?"

मी मंडळाच्या पायरीवर बसले आणि पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. हाताला टेम्पोची चावी लागत होती, रुमाल काही लागत नव्हता.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आले. पांढरी टोपी, कानावर पेन, काखेत जाडजूड वही. हे दापोड्याचे नवशा भोईर. मी विचारलं, तुम्ही दापोड्याचे, मग इथे काय करताय? ते म्हणाले, "अंपायर." आमच्याकडे मोठ्या सामन्याला एका गावाचा दुसऱ्या गावावर काडीचा विश्वास नसतो. म्हणून दापोड्याने आपला माणूस शेलारच्या पाटीखाली बसवला होता, आणि शेलारने आपले लडकूकाका दापोड्याच्या पाटीखाली. लडकूकाका बाबांचे जिवलग मित्र, रिटायर्ड माणूस, त्यामुळे ते तर सकाळी दहालाच डबा घेऊन तिकडे जाऊन बसायचे.

"बाय, ह्याचा काय उपेग व्हईल का बग," म्हणून नवशाकाकांनी वही पुढे केली.

मी उघडली. तारीख, वेळ, कुणी काय केलं, त्याने आकडा किती वर गेला. सहा एकेचाळीस, धनेशचा टेम्पो, ३१. सहा बावन्न, आक्काबाईचे बोंबील, ४४. सात पाच, टायर, नियमात बसत नाही, बाद. सात दहा, वारा फिरला, खेळ थांबवला. प्रत्येक पानाखाली दोन सह्या, एक या गावाची, एक त्या गावाची.

मी दोनदा वाचलं. आमच्या कामात यंत्र फक्त सांगतं की धूर किती आहे. कशाचा आहे ते सांगत नाही. त्याला ते शिकवायचं तर कुणीतरी तासन्‌तास उभं राहून लिहावं लागतं, आता टेम्पो गेला, आता चूल पेटली. असं लिहायला कुणी तयार नसतं. आणि इथे दोन गावांनी मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवला होता, तोही विरुद्ध पार्टीच्या सहीनिशी. मी नवशाकाकांच्या पाया पडले. ते घाबरून दोन पावलं मागे सरकले.

धुराची मॅच त्याच दिवशी बंद झाली. पुढचे आठ दिवस मी जेवायलाही नीट उठले नाही. दोन्ही वह्या कॉम्प्युटरमध्ये भरल्या. आठव्या दिवशी माझं मॉडेल निव्वळ आकड्याच्या चढण्यावरून टेम्पो वेगळा ओळखायला लागलं, डासांचं मशीन वेगळं, बोंबील वेगळे. आक्काला सांगितलं तर म्हणाली, "ओले का सुके, सांगतंय का?"

साठाव्या दिवशी हेमाली मॅडम स्वतः आल्या. मंडळाच्या ऑफिसात बैठक झाली. एका बाजूला शेलार, एका बाजूला दापोडे, मध्ये मॅडम, आणि पंख्याखालच्या खुर्चीत माझे बाबा, केसरीनाथ म्हात्रे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. पोरीची साहेबीण येणार म्हणून बाबांनी दाढीही त्या दिवशी दोनदा केली होती.

मॅडमनी एकेक चढ विचारला, मी एकेक सांगत गेले. बोंबलांशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "असा डेटा मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. पण एक राहिलं. दापोड्याला रोज सकाळी अकरा दहाला आकडा चाळीसने चढतो. साठच्या साठ दिवस. तो कशाने?"

लडकूकाकांच्या वहीत त्या वेळेसमोर रोज नुसती एक चांदणी काढलेली होती. मी तीनदा विचारलं होतं, तीनदा ते म्हणाले होते की पेन नीट चालत नव्हतं.

"काका, ही चांदणी कसली?" मॅडमनीच विचारलं.

लडकूकाकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पंख्याकडे पाहिलं.

"मॅडम, ते वादग्रस्त हाय. धूर दापोड्यात व्हतो, पन मानूस शेलारचा हाय. रन कुनाच्या नावावर लिवनार?"

"कोण माणूस?"

लडकूकाका वहीची पानं चाळायला लागले. दापोड्याच्या लोकांना तर बोलायची आयती संधी होती, पण तेही सगळे आपापल्या चपला बघत बसले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दापोड्याला, बाबांच्या आजोळच्या जमिनीवर, आमचं गोदाम आहे. माझं इंजिनिअरिंग त्याच्या भाड्यावर झालं. गोदामाच्या मागे पॅकिंगचं प्लास्टिक आणि थर्माकोल यांचा ढीग असतो, हे मी लहानपणापासून बघत आले होते. तो कमी कसा होतो, हे मी कधी विचारलं नव्हतं. दिल्लीची हवा मोजून आलेली मी.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. माहीत नाही म्हणाले तर बंगळुरू. सांगितलं तर दोन गावांसमोर बापाची मान खाली. खोटं कशाला बोलू, मी ठरवलं होतं की माहीत नाही म्हणायचं. तोंड उघडलंही होतं.

बाबा उठले.

"लिव, लडकू. केसरीनाथ म्हात्रे, चाळीस." मग ते मॅडमकडे वळले. "प्लास्टिक जालाला मीच सांगितलंय मानसाला. मला वाटलं, एवढ्याशा धुराचं काय व्हतंय. उद्यापासून गाडी बोलवून भंगारात देतो. पोरीला बदलीवर पाठवू नका."

मला रडू आलं. सगळ्यांसमोर, चांगलं हुंदके देऊन. आक्काने पदर पुढे केला, त्याला बोंबलाचा वास येत होता, तरी मी तोंड त्यातच खुपसलं. मॅडम हळूच म्हणाल्या, "झालं मग. सगळे चढ कळले. मृणाली, पुढची अठरा गावं निवड."

लडकूकाकांनी कानावरचं पेन काढलं आणि चांदणी खोडून दापोड्याच्या रकान्यात चाळीस लिहायला घेतले. नवशाकाका ताडकन उठले.

"ए, दापोड्याच्या नावावर नको. मानूस तुमचा हाय."

"वा," धनेश म्हणाला. "जमीन तुमची, धूर तुमच्यात, आनि चाळीस आमचे काय म्हनून?"

"मालक कोन?"

"मालकाचं आजोळ कुटलं?"

बघता बघता दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. मॅडम घाबरून माझ्याजवळ सरकल्या. "काय झालं? आता कशावरून भांडतायत?"

मी पदरातून तोंड बाहेर काढून नीट ऐकलं. दोन्ही गावं घसा फोडून सांगत होती की हे चाळीस आमचे नाहीत.

"काही नाही, मॅडम," मी म्हटलं. "जास्त म्हणजे वाईट, हे त्यांना कळलं."

शेवटी लडकूकाकांनी वीस-वीस लिहिले. सही करायला दोन्ही गावांनी नकार दिला.