तळघरात गारठलेली मांडणी

मित्रांनो, मांडणी म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातले डबे आणि ताटं-वाट्या येतील. मीही मांडणीच आहे, आता जुनी झालेली. पण माझ्यावर भांडी कधी राहिली नाहीत. माझ्यावर साप राहत होते.

जर्मनीतल्या इंगोलश्टाट शहरात मी तयार झाले. त्याआधी मी कुणाच्या तरी घरातलं पुस्तकांचं कपाट होते. त्यांनी 'हवं त्याने न्यावं' अशी चिठ्ठी लावून मला फुटपाथवर ठेवलं आणि हृषिकेशने मला घरी आणलं.

हृषिकेश मूळचा कराडचा. इथे तो गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहे. थंडीत गाडीची बॅटरी गारठू नये आणि उन्हाळ्यात ती तापू नये, हे बघणं त्याचं काम. त्याच्या मुलीला, ईप्सिताला, कुत्रा हवा होता. घरमालक कुत्र्याला तयार नव्हता. मग तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचं कुटुंब देश सोडून निघालं, तेव्हा त्यांचे दोन बिनविषारी साप हिच्याकडे आले. एक नारिंगी, त्याचं नाव केशर. दुसरी छोट्या जातीची अजगर मादी. तिच्या अंगावरची नक्षी कापलेल्या सुपारीसारखी दिसायची, म्हणून ती सुपारी.

सापाला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. गार वाटलं की तो उबेकडे सरकतो, फार गरम झालं की परत मागे येतो. म्हणून हृषिकेशने माझ्या फळ्यांना मागच्या बाजूने खाचा पाडल्या, त्यांत गरम होणारी केबल बसवली आणि वरून ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवली. प्रत्येक फळीवर झाकणाचा, भोकं पाडलेला मोठा डबा. त्याच्या एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा. केबलजवळ तापमान मोजणारी एक तार आणि बाजूला आकडा दाखवणारा थर्मोस्टॅट. पहिल्यांदा मी इतकी तापले की प्लास्टिकचा वास सुटला. हृषिकेशने सगळं उचकटून पुन्हा बसवलं. साप आत ठेवण्याआधी त्याने मला आठवडाभर रिकामीच तापवत ठेवलं आणि डब्यात हात घालघालून पाहिलं.

त्याच्या ऑफिसातला टोबियास मला बघायला आला होता. माझ्या खाचांवरून बोट फिरवत तो म्हणाला, "झाउबर!" म्हणजे काम अगदी नेटकं. मला फार बरं वाटलं. हृषिकेशची बायको शमिका सुरुवातीला दारातूनच डोकावायची. पुढे तीच रोज पाणी बदलू लागली. ते माझे चांगले दिवस होते.

मग हिवाळ्यात शमिकाची आई येणार असं ठरलं. मनोरमाबाई कोरेगावला राहतात. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी मण्यार चावून गेला होता. त्या दिवसापासून त्या 'साप' हा शब्दसुद्धा उच्चारत नसत, 'लांबडं' म्हणत. भावाबद्दलही कधी बोलत नसत.

"आईला आधीच सांगू या," शमिका म्हणाली.

"सांगितलं तर त्या येणारच नाहीत," हृषिकेश म्हणाला. "आणि तिकडे सगळ्यांना कळेल. जावयाने घरात काय पाळलंय म्हणून हसतील लोक."

"मग काय करायचं?"

"आल्झो, म्हणजे असं करू, खाली केलरमध्ये ठेवू. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

केलर म्हणजे इमारतीखालचं तळघर. ईप्सिताने विचारलं, "वारुम, बाबा?" का, म्हणून. तो म्हणाला, "आजीला त्रास होईल. तिला काही सांगायचं नाही हं." मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली. ज्या घरात मला कौतुकाने दाखवत, तिथून मला चादरीत गुंडाळून खाली नेलं.

तळघरात सायकली, जुने टायर आणि ओल होती. मित्रांनो, माझी केबल वरच्या उबदार खोलीसाठी बसवलेली होती. खाली ती जेमतेम फळीपुरती तापायची. डब्यातली हवा मात्र थंडगार. केबलजवळच्या तारेला केबलच गरम लागे, त्यामुळे थर्मोस्टॅटवर बरोबर आकडा दिसे. हृषिकेश जेवण झालं की 'कपडे खालच्या मशीनला लावतो' असं सांगून घाईघाईने खाली यायचा, आकडा बघायचा आणि जायचा. बॅटऱ्यांची ऊब मोजणाऱ्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. पण डबा उघडायचा म्हणजे थांबावं लागणार आणि वर सासूबाई वाट बघणार. माझ्या अंगावर तो दिमाखात चमकणारा आकडा आणि माझ्यावर वेटोळं घालून गारठलेली सुपारी. मला बोलता येत असतं तर मी ओरडले असते.

एका शनिवारी दुपारी त्याने डबा उघडला. सुपारीने मान वर ताणली होती. तोंड उघडं होतं आणि श्वास घेताना आत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. हृषिकेशने तिला उचलून स्वेटरच्या आत छातीशी धरलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दारात मनोरमाबाई उभ्या होत्या. कपड्यांची बादली वरच ठेवून जावई रोज तळघरात जातो, तेव्हा लपून दारू पीत असणार, अशी त्यांची समजूत झाली होती. त्यांनी बाटली शोधायला नजर फिरवली आणि स्वेटरच्या गळ्यातून बाहेर आलेलं डोकं पाहिलं. त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली.

"हृषिकेशराव, हे काय?"

"अहो आई, घाबरू नका. विषारी नाही. अजगराच्या जातीतली आहे." त्याने स्वेटर वरून हाताने झाकला. "आजारी पडलीये. थंडीने. माझ्यामुळे."

"इथे कशाला ठेवलंत तिला?"

"तुम्हाला कळू नये म्हणून. तुमच्या भावाचं… मला वाटलं, तुम्हाला सहन होणार नाही."

मनोरमाबाईंनी चौकट सोडली नाही. भीतीने की रागाने, ते मला समजलं नाही.

"माझ्या भावाचं नाव पुढे करून मुक्या जिवाला गारठवलंत? मला एका शब्दाने विचारलं असतंत. मी नाही म्हटलं असतं, भांडले असते, आलेही नसते कदाचित. पण हे असलं माझ्या माथी मारू नका."

हृषिकेशने मान खाली घातली. मलाही कुठे तोंड लपवावं कळेना.

"वर आणा त्यांना," त्या म्हणाल्या. "ठेवाल त्या खोलीत मी पाऊल टाकणार नाही. पण इथे एक क्षण ठेवायचं नाही."

त्याच दिवशी मी वर आले. सुपारीला डॉक्टरकडे नेलं, इंजेक्शनं सुरू झाली. ईप्सिता माझ्यापाशी बसून राहायची आणि बाबांकडे बघायची नाही. शेवटी हृषिकेशच तिच्याजवळ जमिनीवर बसला. "तुला खोटं बोलायला लावलं, ते माझं चुकलं," तो म्हणाला. ती जर्मनमध्येच काहीतरी पुटपुटली आणि त्याच्या खांद्याला टेकली.

मनोरमाबाईंनी शब्द पाळला. त्या खोलीत कधीच आल्या नाहीत. फक्त सकाळी पॅसेजमधून जाताना विचारायच्या, "खाल्लं का तिने?" उत्तर रोज 'नाही' असायचं. त्या परत गेल्या तोवर सुपारीने काहीच खाल्लं नव्हतं.

बाहेरच्या झाडांना पालवी फुटली तेव्हा तिने पहिला घास घेतला. हृषिकेशने लगेच कोरेगावला फोन लावला. स्पीकरमधून मी ऐकत होते.

"बरं झालं," मनोरमाबाई म्हणाल्या. "आमच्या मधूला सगळे प्राणी आवडायचे हो. सरडेसुद्धा धरून आणायचा." भावाचं नाव शमिकाने आईच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ती फोन हातात घेऊन खिडकीशी गेली आणि मायलेकी खूप वेळ त्याच्याविषयी बोलत राहिल्या.

आता केशर आणि सुपारीला काचेची प्रशस्त घरं मिळाली आहेत. मी रिकामी आहे, केबलही काढून घेतली आहे. मला कुणी रागावत नाही. तरी तो हिवाळा आठवला की माझ्या फळ्या आजही आकसतात.

मित्रांनो, एक विनंती करते. तुमच्या घरात एखादा जीव असेल आणि लोक त्याला नाक मुरडत असतील, तर पाहुणे येण्याआधीच त्यांना स्पष्ट सांगा, आमच्याकडे हा राहतो म्हणून. कुणी रागावेल, कुणी येणारही नाही. ते सोसा. ज्याची आपण चारचौघांत लाज बाळगतो, त्याच्याकडे एकांतातही आपण धड बघत नाही, आणि ते सोसावं लागतं त्याला.