आत्याचा मान अन् वायफायची रेंज

नाव माह्या पोटात होतं. माह्या भावाच्या पोरीचं नाव. धाकट्या भावानं, शिवमनं, पुण्याहून फोनवर सांगतलं होतं, "ताई, नाव तूच ठरव. आमाले बी सांगू नको. बारशाच्या दिवशी थेट तिच्या कानातच सांगजो." असा मान मिळाल्यावर बाई जमिनीवर चालते का? मी तर हवेतच होती. म्हणून म्हशीचा दोर दिसला नाही, त्याच्यात पाय अडकला, अन् ऐन बारशाच्या आठवड्यात गुडघ्यापर्यंत प्लास्टर!

डॉक्टर म्हणे, "शेलूबाजारहून पुणे? खाटेवरून न्हाणीपर्यंत गेल्या तरी लय झालं." मी रडली, भांडली, नवऱ्यावर चिडली. त्याचा काही दोष नव्हता, पण समोर तोच होता. मंग शिवमनंच तोड काढली. व्हिडिओ कॉल करू, फोन पोरीच्या कानाले लावतो, तू तिकडून कुर्र कर. मी लगेच राजी झाली.

पण पुण्यात आमची चुलत बहीण बी राह्यते, बेबीनंदा. नात्यानं ती बी आत्याच. तिचा निरोप आला, "नेट बंद पडलं तर घाबरू नको, मी आहे ना. नाव तेवढं मले मेसेज करून ठेव." वा गं वा! रांधू मी अन् वाढीन ही! नाव मी नवऱ्याले सांगतलं नव्हतं, सासूले सांगतलं नव्हतं, अन् हिले मेसेज करू? मेली तरी करणार नाही, असं मी मनात म्हटलं.

बारशाच्या दिवशी सकाळीच नवी साडी नेसून, प्लास्टरवर तिच्या निऱ्या पसरून बसली. फोन उघडला, तर वायफायची एकच कांडी! आदल्या संध्याकाळी सगळ्या कांड्या भरून होत्या, अन् आज एक. ते बी आता आहे, आता नाही. आमच्या घरात मोबाईलचं नेट तर येतच नाही, फोन आला की माणूस हायवेकडे पळते. म्हणून तर वायफाय घेतलं होतं.

"अवो! युसूफभाईले बोलवा!" मी असं बोंबलली की लखन, म्हणजे माहा नवरा, चपला न घालताच पळाला.

युसूफभाई आमचा शेजारी. बाजारात त्याचं मोबाईलचं दुकान आहे, अन् वायफायचा डबा त्यानंच बसवून देल्ला होता. त्यानं आपल्या फोनवर रेंज मोजाचं ॲप उघडलं. "भाभी, हे पाहा. उणे चाळीस आलं तर एक नंबर. उणे नव्वद आलं तर खतम."

"कमी असलं का चांगलं?" माही सासू प्रयागबाई दारातून म्हणाली. "असं कसं बावा?"

"तापासारखं समजा काकू. जितका कमी, तितकं बरं."

"मंग आत्ता किती आहे?"

"आत्ता फणफणून राह्यलं."

ठरलं असं, का घरात जिथं आकडा चांगला, तिथं मले बसवाचं. मले फायबरच्या खुर्चीवर बसवलं. एका बाजूनं लखन, दुसऱ्या बाजूनं युसूफभाई, अन् निघाली माही वरात! मी युसूफभाईचा फोन हातात धरून आकडे ओरडून राह्यली. बैठकीत पंच्याऐंशी. स्वयंपाकघरात अठ्ठ्याऐंशी. न्हाणीत नव्वद, अन् वरून प्लास्टर दारावर आपटलं. मी शिव्या देल्ल्या, अन् ते दोघं असे हसले का खुर्ची लटलट हालाले लागली. "हसू नका! पाडसान मले!" असं म्हणता म्हणता मलेच हसू फुटलं. तेवढ्यात युसूफभाईची माय अमीनाबी आली. मले अधांतरी पाहून तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, दुल्हन निघाली का?" अन् माही साडी लोळू नये म्हणून पदर धरून ती बी संग चालू लागली.

मागच्या दारानं आमी गोठ्यात शिरलो, अन् आकडा एकदम बहात्तरवर!

"उतरवा! इथंच उतरवा!" मी किंचाळली. म्हशीनं मान वळवून पाह्यलं. हेच ते जनावर, याच्याच दोरानं माहा पाय मोडला होता. आता तिच्या शेजारी बसून मले बारसं करायचं होतं. केलं असतं. उकिरड्यावर बसून बी केलं असतं!

कॉल लागला. शिवम दिसला, त्याची बायको योगिनी दिसली, फुलांचा पाळणा दिसला, त्याच्यात माही लाल टमाटर पोरगी टाहो फोडून राह्यली होती. अन् चित्र थिजलं. शिवमचं तोंड उघडंच राह्यलं.

"ता... आवाज... ई..."

मंग बेबीनंदाचा आवाज आला, तो मात्र साफ आला, मेला! "रूपाली, वेळ निघून चालली. बाया खोळंबल्या. नाव सांग, मी म्हणते."

"नाही सांगत!" माह्या डोळ्यांत पाणीच आलं. "पाच मिनिटं थांबा गं. माह्या भावाले मी कडेवर वागवलं आहे. माय गेली तेव्हा तो चालत बी नव्हता. हे मले करू द्या."

तिकडे कोणाले ऐकू गेलं का, देव जाणे. युसूफभाई डोकं खाजवून राह्यला होता. "डबा बैठकीत, अन् रेंज म्हशीले? ह्या भिंतीच्या मागं काय आहे?"

"बैठकीतली दिवळी," लखन म्हणाला. "त्या कोनाड्यातच तर डबा आहे."

सासूनं एकदम जीभ चावली. मंग पदर खोचून, माह्याकडे न पाहता, आत पळाली. तिले असं पळताना मी पहिल्यांदाच पाह्यलं. आतून भांडं आदळल्याचा आवाज आला, अन् माह्या फोनवर कांड्या अशा फटाफट उभ्या राह्यल्या का मी किंचाळलीच.

सासू परत आली, हातात चहाचं मोठं स्टीलचं पातेलं. आमच्या घरी टीव्हीवर रुमाल, फ्रिजवर रुमाल, तसा दिवळीवर क्रोशाचा पडदा. त्या पडद्याआड हिनं डब्यावर पातेलं आडवं लावून ठेवलं होतं, तोंड भिंतीकडे करून.

"काल अमीना म्हणत होती ना, तुमचं नेट कसं घोड्यासारखं पळते म्हणून," सासू पुटपुटली. "म्हटलं, आज शुभ काम आहे. नजर लागाले नको."

"माही नजर?" अमीनाबी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "अगं प्रयाग, माह्याच पोरानं बसवलं ना ते!" अन् दोघी जणी हसत सुटल्या, एकमेकीच्या खांद्याले धरून.

"चूप बसा सगळे!" मी ओरडली. फोनमधला शिवम हालाले लागला होता. बेबीनंदा पाळण्यावर वाकली होती. "शिवम! फोन लाव कानाले! लवकर!"

त्यानं फोन पोरीजवळ नेला. आता मले फक्त एक इवलासा कान दिसत होता, अन् रडणं ऐकू येत होतं. 

"कुर्रर्र," मी म्हटलं. पोरगी थबकली. "कुर्रर्र... मैना. माहे मैना."

 मैनाबाई आमच्या मायचं नाव. फोन हालला, अन् शिवमचा चेहरा समोर आला. तो नुसती मान हालवत राह्यला.

मंग बायांचा एकच गलका झाला. बारशाची रीतच आहे, कानात नाव सांगतलं का आत्याच्या पाठीत धपाटे. पाळण्याजवळ उभी होती बेबीनंदा, मंग काय, सगळ्यांनी तिलेच बदडलं. ती पाठ वाचवत, डोळे पुसत ओरडली, "अवं, मले कायले मारता! आत्या तिकडे आहे, गोठ्यात!"

सासूनं पातेलं खाली ठेवलं, अन् माह्या पाठीत असा धपाटा घातला का म्हैस बी दचकली.